काउंटर चालला, पण वीज किती खाल्ली?

एरंडोलला माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात डिप्लोमाची दोन पोरं काउंटरचा प्रोजेक्ट घेऊन आली. "काका, आकडे बरोबर येतात, पण बॅटरी लगेच बसते."

काउंटरमधल्या मोजणी करणाऱ्या ७४९० चिपवर बोट ठेवलं. चांगलीच तापलेली. तिची पाच व्होल्टची वायर सोडवून मधे मीटर लावला: २९ मिलिअँपिअर. ती चिप काढून सॉकेटात तिचाच एलएस प्रकार, ७४एलएस९० बसवली. मीटर ९ वर आला. आकडे तसेच, वेग तोच, वीज एक-तृतीयांश!

जुन्या चिपमधला ट्रान्झिस्टर करंटने गच्च भरतो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो. वेग राखायचा तर करंट भरपूर ओतावा लागतो. एलएसमधला शॉट्की डायोड त्याला गच्च भरूच देत नाही, म्हणून थोडक्यात भागतं. वेग हवा तर वीज जाणारच, ही समजूत खरी नाही.

आजच्या सीमॉस चिपमध्ये तर विजेचा मोठा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. पाचाचे ३.३ व्होल्ट केले, की तो निम्म्याहून खाली येतो. व्होल्टेज उतरवलं की चिप मंदावते, हे खरं. पण एकाच बैलाला चाबूक मारण्यापेक्षा जोडी जुंपावी, म्हणजे काम सावकाश चालणाऱ्या दोन भागांत वाटावं. पेंटियम ४ प्रोसेसरची दौड २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर उष्णतेनेच अडवली. पुढे एकाच चिपवर दोन-दोन कोअर आले. शिवाय ज्या भागाला काम नाही, त्याचा क्लॉक थांबवता येतो.

हे सगळं पुस्तकात आहे. प्रॅक्टिकलला मात्र एलईडी बरोबर पेटले की मार्क मिळतात. करंट किती लागला, हे विचारलं जात नाही. हीच पोरं उद्या पुण्यात चिप डिझाइन करतील. त्यांच्या चिपा नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये रात्रंदिवस तापतील आणि त्यांना थंड ठेवायला आणखी वीज लागेल. त्या विजेसाठी आपल्या भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो. खान्देशच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला उष्णतेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डिजिटलच्या प्रत्येक प्रयोगात मिलिअँपिअर मोजायला लावा आणि त्यालाही मार्क द्या. मीटर प्रत्येक लॅबमध्ये आहेच.

त्या पोरांनी २९ आणि ९ हे आकडे जर्नलच्या समासात लिहून घेतले, कारण जर्नलमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. तो रकाना आता आखायला हवा.