जनावरांचें फेंफरें आणि झाडपाल्याची कसोटी

वेखंड, ब्राह्मी, शंखपुष्पी यांचे अर्क उंदरांस पाजून त्यांच्या आंचक्यांस उतार पडतो कीं नाहीं हें पाहण्याचे प्रयोग आपल्या देशांत पुष्कळ झाले आहेत. त्यांस आमचा विरोध नाहीं. परंतु प्रयोगाचा निकाल लागतांच अमुक वनस्पति फेंफऱ्यावर रामबाण असें शेतकऱ्यास सांगण्याची जी घाई होते, ती आम्हांस घातक वाटते.

प्रयोगाची रीत साधी आहे. उंदरास अर्क पाजावयाचा, मग विजेचा धक्का देऊन अथवा पेंटिलिनटेट्राझोल टोंचून आंचके आणावयाचे व ते किती टिकतात हें मोजावयाचें. मांजरांवर विजेचा धक्का योजूनच पुटनम व मेरिट यांनीं १९३७-३८ च्या सुमारास फेनिटॉइनचा गुण हुडकून काढला. मात्र गुंगी आणणारें द्रव्यही आंचके दाबतें. उंदीर पेंगला म्हणजे बरा झाला असें नव्हे. फार काय, अर्क ज्या मद्यार्कांत काढतात तो मद्यार्कच आंचके दाबतो. म्हणून नुसता द्रव पाजलेला वेगळा गट हवाच. फ्रान्समध्यें १९६२-६३ सालीं खेलिन या वनस्पतिज द्रव्यापासून केलेले पदार्थ तपासतांना जो तो गुणकारी ठरूं लागला. शोध घेतां गुण त्या पदार्थांचा नसून ते विरघळविण्यास घेतलेल्या व्हॅल्प्रोइक आम्लाचा निघाला! तेंच आज माणसांच्या फेंफऱ्यावरील एक प्रमुख औषध आहे. तेथें दैव अनुकूल होतें, इतकेंच.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समजही खोटा. प्रयोगांत आंचके आणण्यासाठीं वापरलेलें स्ट्रिक्निन काजऱ्याच्या बियांतलें व पिक्रोटॉक्सिन काकमारीच्या फळांतलें. वेखंडांतील बीटा-ॲसरोननें उंदरांस अर्बुद होतें असें दिसल्यावरून अमेरिकेनें १९६८ सालीं वेखंड खाद्यांत घालण्यास बंदी केली. शिवाय नांवांचा घोंटाळा आहेच. शंखपुष्पी म्हणून केरळांत गोकर्णी देतात, उत्तरेंत निराळीच वेल. ब्राह्मी मागावी तर कोणी मंडूकपर्णी हातीं ठेवतो. कोणत्या झाडाचा अर्क तपासला हेंच जेथें ठाऊक नाहीं, तेथें निकालाचा उपयोग काय?

उंदरांपुढें गेलेले प्रयोग थोडे. अमेरिकेंतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठानें भांगेच्या जातींतील कॅनाबिडिऑल फेंफऱ्याच्या १६ कुत्र्यांवर तपासून २०१९ सालीं निकाल छापला. औषध घेणाऱ्या कुत्र्यांचे झटके सुमारें एकतृतीयांशानें घटले. पण झटके निम्म्यावर किंवा त्याहून खालीं आलेल्या कुत्र्यांचें प्रमाण दोन्ही गटांत सारखेंच होतें. असा सरळ निकाल छापण्याचा प्रामाणिकपणा आम्हांस कोणत्याही रामबाणाहून मोलाचा वाटतो.

आतां गोठ्याकडे वळूं. बैलास किंवा गाईस आंचके आले म्हणजे तें फेंफरेंच असें नाहीं. पाण्याच्या ताणानें खुरटलेली कोंवळी ज्वारी खाल्ल्यानें झालेली विषबाधा, जुन्या रंगांतलें वा बॅटरींतलें शिसें, रक्तांतील मॅग्नेशियमची तूट, पिसाळलेपणा, धनुर्वात, हीं सारीं कारणें त्यांत येतात व प्रत्येकाचा उपाय निराळा. ज्वारीच्या बाधेंत तर घटकेचाही अवकाश नसतो. अशा वेळीं काढा ओतूं गेल्यास तो फुप्फुसांत जातो, आणि जनावर पिसाळलेलें असल्यास तोंडांत हात घालणाऱ्याच्या जिवावर बेततें. आधीं पशुवैद्यास बोलवावें, जनावर मोकळ्या व मऊ जागीं ठेवावें, काढ्याचें पातेलें दूर सारावें.

वेखंड-ब्राह्मी पिकविणाऱ्या आमच्या सभासदांनीं माल देतांना लावणीचें ठिकाण, काढणीचा महिना व झाडाचें शास्त्रीय नांव पोत्यावर लिहावें. आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांनीं त्या मालाचा अर्क खरोखर फेंफरें असलेल्या कुत्र्यांवर, चालू औषध न तोडतां, मालकाच्या संमतीनें तपासावा, अशी आमची मागणी आहे.