चाळीस गाड्या आणि एकही फावडं नाही

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडच्या गावांत पाणी घातलं आणि दोन-तीन दिवसांत आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर पोस्टर आलंच. वर एक रांगेत उभ्या एसयूव्ही, खाली ‘पूरग्रस्तांसाठी भव्य ड्राइव्ह’. सकाळी 6 ला फ्लॅग ऑफ, नाश्ता वाटेत, टीशर्ट कंपल्सरी. पंधरा मिनिटांत सत्तावीस अंगठे!

मी अंगठा दिला नाही. उलट लिहिलं, "ड्राइव्ह रद्द करा, पैसे पाठवा." त्यावर एका मित्राने खाजगीत विचारलं, "काय रे, तुला प्रॉब्लेम काय आहे?" त्याला तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

प्रॉब्लेम असा आहे, की मी असल्या एका ड्राइव्हला जाऊन आलोय. साल 2021. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. बाजारपेठेत लोक माडीवर चढून बसले होते. त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली आणि 80 हून जास्त माणसं गेली. मी नुकतीच पहिली गाडी घेतलेली, वर्क फ्रॉम होमने डोकं पिकलेलं. क्लबने हाक दिली आणि मी निघालो. मनापासून निघालो होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पुण्याहून कराड, पाटण, कुंभार्ली घाट. चाळीस गाड्या, सगळ्यांचे हझार्ड लाइट चालू (ते का लावतात देव जाणे), पुढच्या गाडीवर बॅनर. घाटात दरडीचा राडा जेमतेम बाजूला केलेला, आणि आमची ही वरात. मागे एक पाण्याचा टँकर अर्धा तास हॉर्न मारत होता. आम्ही वळणावर थांबून ड्रोन उडवत होतो. त्या टँकरची आठवण आली की आजही कसंतरी होतं.

आता जरा हिशेब करू. इंजिनिअर आहोत, तेवढं तर येतंच.

जाऊन-येऊन साधारण 500 किलोमीटर. लिटरला 12 चं ॲव्हरेज धरलं तर 42 लिटरच्या आसपास. पेट्रोल तेव्हा शंभरीपार गेलेलं. काही गाड्या डिझेलच्या होत्या म्हणून गाडीमागे 4 हजारच धरू. चाळीस गाड्यांचे झाले 1 लाख 60 हजार. टोल वेगळा. 80 टीशर्ट 300 रुपयांनी, म्हणजे आणखी 24 हजार. आणि नेलं काय? डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून गाडीमागे फार तर 150 किलो. म्हणजे सगळं मिळून 6 टन. हेच सामान दीड टनाच्या चार पिकअपमध्ये बसलं असतं. मी नंतर चौकशी केली तेव्हा एका पिकअपचे 9 हजार सांगितले होते. चौकं छत्तीस.

छत्तीस हजारांच्या कामाला आम्ही पावणेदोन लाखांच्या वर घालवले, आणि त्याला मदत म्हटलं! बरं, आतला माल दीड लाखाचा होता. म्हणजे मालापेक्षा हमाली महाग. ऑफिसात कुणी असं आर्किटेक्चर दाखवलं असतं तर रिव्ह्यूमध्ये आपणच त्याची सालटी काढली असती.

आणि माल तरी काय? बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, नूडल्स, जुने कपडे. पूर ओसरून दहा दिवस झाले होते. बिस्किटं लोकांच्या घरात थप्पीने पडली होती. कपड्यांचं तर विचारूच नका. माझ्याच गाडीतल्या एका गाठोड्यातून लग्नातला शेरवानी निघाला. चिखलात उभ्या माणसाला शेरवानी! ‘गूंज’ ही संस्था 1999 पासून याच जुन्या कपड्यांचं काम करते. ती कपडे निवडते, धुते, दुरुस्त करते, आणि गावाने स्वतःसाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देते. कपडा देणं हे किती कष्टाचं काम आहे, हे त्यावरून कळावं. आपण मात्र कपाट रिकामं करतो आणि त्याला दान म्हणतो.

चिपळूणला तेव्हा हवं होतं ते वेगळंच. घराघरात गुडघाभर गाळ. हवी होती फावडी, घमेली, गमबूट, पंप, प्रेशर वॉशर, इलेक्ट्रिशियन. आमच्या चाळीस गाड्यांत एक फावडं नव्हतं. प्रेशर वॉशर 10 हजाराला धरला तरी वाचलेल्या पैशांत चौदा-पंधरा आले असते. एका गल्लीला एक दिला असता तरी पंधरा गल्ल्या धुऊन निघाल्या असत्या.

पण खरी लाज पुढे आहे. बाजाराच्या तोंडाशी एक रिक्षावाले काका रिक्षा उघडून बसले होते. मी किट पुढे केलं. ते म्हणाले, "साहेब, हे ठेवा तुमच्याकडेच. तुम्ही सगळे गाडीवाले ना? हे इंजिन कोण बघून देईल का?"

पाणी ओसरल्यावर त्यांनी रिक्षा चालू करून बघितली होती. गाडीतलं ज्याला थोडंफार कळतं त्याच्या पोटात इथेच गोळा येईल. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन ते दाबायला जातो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जातं. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर बघायचा, ऑइल बदलायचं, मगच स्टार्टरला हात लावायचा. एवढं एक वाक्य त्यांना पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर इंजिन कदाचित वाचलं असतं. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे तिथूनही शून्य.

आमच्या ताफ्यात दोघेजण असे होते, की जे रविवारी हौस म्हणून इंजिन उतरवतात. टूलकिट गाडीतच. पण आमचं ‘शेड्यूल’ होतं, चारला परत निघायचं होतं. काकांना पाण्याच्या चार बाटल्या दिल्या, फोटो काढला आणि निघालो. त्या फोटोत मी हसतोय. तो फोटो मी अजून डिलीट केलेला नाही, मुद्दाम.

आता नेहमीचा प्रश्न येईल. "निदान काहीतरी करतोय ना? घरी बसून नावं ठेवणाऱ्यांपेक्षा बरं!" माफ करा, पण टँकर अडवणं हे ‘काहीतरी’ नसतं. तिथे काही न करणं जास्त उपयोगाचं होतं.

दुसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करतो. गाडी काढल्याशिवाय लोकांचे पैसे निघत नाहीत. इव्हेंट असला की पाकीट उघडतं. ठीक आहे, मग करा की इव्हेंट! मुळशीला जा, ताम्हिणीला जा, भजी खा, ड्रोन उडवा. एंट्री फी घ्या आणि ती सगळीच्या सगळी पाठवा. मजेला माझा विरोध नाही, मी स्वतः क्लबात आहे. फक्त ती मजा बुडालेल्या माणसाच्या दारात जाऊन करू नका.

आणि जायचंच असेल तर जे आपल्याला येतं ते घेऊन जा. 2018 च्या पुरात केरळचे मच्छीमार स्वतःच्या होड्या घेऊन गेले आणि हजारो माणसं बाहेर काढली. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. आपल्याला गाड्या कळतात. तर मेकॅनिक, ऑइलचे कॅन, प्लग, विंच, दोरखंड घेऊन तीन गाड्या जाऊ देत आणि तिथे चार दिवस राहू देत. आधी तिथल्या माणसाला फोन करून काय हवंय ते विचारा. परत आल्यावर पै न पै हिशेब सगळ्यांसमोर ठेवा. प्रोडक्शन एक तास बंद पडलं तर आपण आठ पानी पोस्टमॉर्टेम लिहितो. चिपळूणचं कुणी लिहिलं नाही.

सोलापूरची ड्राइव्ह झाली. सव्वीस गाड्या गेल्या, टीशर्ट यावेळी निळा होता. आम्ही पाच जणांनी इंधनाचे पैसे काढून एका पिकअपचं भाडं भरलं आणि तिकडच्या एका शिक्षकांनी फोनवर सांगितलं तेवढंच पाठवलं: पशुखाद्य आणि ताडपत्र्या. आमचा फोटो नाही. पोस्टरवर आमचं नावही नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोस्टर येईल. तेव्हा अंगठा द्यायच्या आधी फक्त एक विचारा, "डिकीत फावडं आहे का?"