अदृश्य पाठभेद
संगणकीय संकेतन ही निव्वळ तांत्रिक बाब आहे, हा समज मराठी समीक्षेने निमूटपणे स्वीकारला आहे. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतील अर्थभेद लेखनात सर्वस्वी ‘र’च्या रूपावर उभा असतो. युनिकोडमध्ये मात्र हा ‘ऱ्य’ दोन संकेतक्रमांनी लिहिता येतो: मूलतः द्राविडी ध्वनीच्या लिप्यंतरासाठी योजलेला नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र’पुढे हलन्तचिन्ह व अदृश्य जोडखूण ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. केवळ संकेत ताडून पाहणाऱ्या शोधाला ते भिन्न शब्द. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा पाठभेदच, तोही वाचकाला न दिसणारा. (‘ॲ’ला स्वतंत्र संकेत मिळण्यास २००८ उजाडावे लागले, ही वेगळी कथा.) अशा संहितांतील शब्द यंत्राकरवी मोजून शैलीमीमांसा मांडणाऱ्यांनी आपण नेमके काय मोजले, हे आधी सांगावे.