शंभर वर्षांचें घर आणि दूरचित्रवाणीचा पैसा

एकत्र कुटुंबाची वांटणी ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांना हें सांगावयास नको कीं, घर मोडण्यास मोठें भांडणच व्हावें लागतें असें नाहीं. पुष्कळ वेळां साधा हिशेब पुरतो. प्रत्येक भावाचें म्हणणें निराळें ऐकलें, तर तें सयुक्तिकच वाटतें. मुलांच्या शिक्षणाचा खर्च, वाढता संसार, आपल्या कमाईवर इतरांचा भार, यांपैकीं कोणतेंच कारण खोटें नसतें. परंतु हीं सारीं सयुक्तिक म्हणणीं एकत्र ठेवलीं, म्हणजे घर मात्र उरत नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील विद्यापीठांचें असेंच एक जुनें घर २०२४ सालीं मोडलें. त्या घराची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों. विषय वरकरणी खेळाचा आहे. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, तेथील माणसांस तो परका वाटणार नाहीं.

आपल्याकडे कॉलेजचे सामने म्हटले म्हणजे मैदानाभोंवतीं जमलेले शे-दोनशें विद्यार्थी आणि एखाद-दुसरे उत्साही प्राध्यापक, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. अमेरिकेंत प्रकार निराळा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत एकाच वेळीं एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. ज्या खेळासाठीं ही गर्दी लोटते त्यास तिकडे फुटबॉल म्हणत असले, तरी तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यांत लांबट चेंडू हातीं धरून धांवावयाचें असतें. दोन महाविद्यालयांमधील या खेळाचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स व प्रिन्स्टन या शेजारच्या संस्थांत झाला. पुढें सामने वाढले, तशीं जवळपासच्या विद्यापीठांनीं आपापलीं मंडळें स्थापिलीं. त्यांस तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. कोणीं कोणाशीं खेळावयाचें, नियम कोणते, विजेता कोण, हें मंडळ ठरवी. आणि आगगाडीच्या प्रवासाची सोय-गैरसोय पाहूनच मंडळाची सीमा बहुधा आंखली जाई.

१९१५ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि ऑरेगनमधील दोन संस्था अशा चौघांनीं मिळून पॅसिफिक किनाऱ्याचें मंडळ स्थापिलें. मागाहून वॉशिंग्टन स्टेट, स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्निया व यू.सी.एल.ए. हीं विद्यापीठें त्यांत आलीं. १९५९ सालीं हें घर एकदां फुटलेंही होतें. कांहीं विद्यापीठांत खेळाडूंना चोरून पैसे दिले जातात असें उघडकीस आलें, परस्परांवर आरोप झाले आणि मंडळ विसर्जित झालें. परंतु पांच वर्षांच्या आंत आठ विद्यापीठें पुन्हां एका छपराखालीं आलीं. १९७८ सालीं त्यांचीं दहा झालीं आणि २०११ सालीं बारा. म्हणून त्यास ‘पॅक-ट्वेल्व्ह’ असें नांव पडलें.

या घरांत हिशेबाची वही शिरली ती दूरचित्रवाणीच्या वाटेनें. आरंभीं सामने दाखविण्याचा सर्व अधिकार एन.सी.ए.ए. या राष्ट्रीय क्रीडासंस्थेच्या हातीं होता. घरबसल्या सामना दिसूं लागला तर मैदानावर कोण येणार, या भीतीनें तिनें १९५१ पासून प्रक्षेपणावर कडक मर्यादा घातल्या होत्या. ओक्लाहोमा व जॉर्जिया येथील विद्यापीठांनीं त्याविरुद्ध दावा लावला, आणि २७ जून १९८४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन अशा मतांनीं ती मक्तेदारी बेकायदेशीर ठरविली. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ति बायरन व्हाइट हे तरुणपणीं स्वतः या खेळांतील नामांकित खेळाडू होते. या खेळाकडे केवळ धंदा म्हणून न पाहतां शिक्षणाशीं असलेला त्याचा संबंधही ध्यानांत घ्यावा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

त्या निकालानंतर सामने विकण्याचा अधिकार विद्यापीठांकडे व त्यांच्या मंडळांकडे आला. यांत अन्याय कांहींच नव्हता. ज्याचें पीक त्यानें विकावें हें रास्तच. परंतु विकत घेणाऱ्याचा माप मोजण्याचा कांटा वेगळा होता. विद्यापीठ किती जुनें, त्याचा शेजारी कोण, यांपेक्षां त्याच्या सामन्यासमोर किती घरें बसतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. १८९६ सालीं मध्य-पश्चिमेंत स्थापन झालेल्या ‘बिग टेन’ मंडळानें २०१४ सालीं रटगर्स व मेरीलँड या पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांस आंत घेतलें, तें न्यूयॉर्क व राजधानी वॉशिंग्टन या शहरांतील प्रेक्षकांवर दृष्टि ठेवून. त्याआधींच टेक्सासकडील ‘साउथवेस्ट कॉन्फरन्स’ हें १९१४ सालचें मंडळ १९९६ मध्यें नामशेष झालें होतें. बलवान् सभासद अधिक मोठ्या घरीं गेले, दुबळे जागा मिळेल तेथें विखुरले. दुसऱ्याच्या घरचें दुःख पाहून आपलें घर सांवरावें, इतकी सवड मात्र कोणास झाली नाहीं.

पॅक-ट्वेल्व्हचा दूरचित्रवाणीशीं बारा वर्षांचा, सुमारें ३०० कोटी डॉलरचा करार २०२४ सालीं संपावयाचा होता. ३० जून २०२२ रोजीं लॉस एंजेलिसचीं दोन्ही विद्यापीठें बिग टेनमध्यें जाणार असल्याचें जाहीर झालें. थोड्याच आठवड्यांत बिग टेननें सात वर्षांचा करार केला. त्याची रक्कम ७०० कोटी डॉलरहून अधिक असल्याचें वृत्त आलें. घरांतील सर्वांत कमावते दोघे गेल्यावर उरलेल्यांच्या मालाला तेवढा भाव येईना. जुलै २०२३ मध्यें कोलोरॅडो निघालें. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसांत पांच विद्यापीठांनीं घर सोडलें: ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोनामधील दोन आणि युटा हीं ‘बिग ट्वेल्व्ह’कडे. १ सप्टेंबर रोजीं स्टॅनफर्ड व बर्कले यांना आसरा मिळाला तो अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळांत, आणि तोही कित्येक वर्षें कमी वांटा घेण्याच्या अटीवर. आतां बिग टेन म्हणजे मोठे दहा, यांत अठरा सभासद आहेत. आणि पॅसिफिकच्या लाटा ज्यांच्या अंगणापासून दूर नाहींत, तीं विद्यापीठें अटलांटिकच्या नांवानें खेळतात.

मागें राहिलीं दोन: कॉर्व्हालिसचें ऑरेगन स्टेट आणि पुलमनचें वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही गांवें लहान; त्यांच्याभोंवतीं दूरचित्रवाणीचे संच थोडे. त्यांच्या खेळांत कांहीं उणें होतें म्हणून तीं मागें राहिलीं नाहींत. घराबाहेर पडणाऱ्यांनीं ठेवींवर हक्क सांगूं नये म्हणून या दोघांना कोर्टाची पायरी चढावी लागली. नोव्हेंबर २०२३ मध्यें न्यायालयानें कारभार त्यांच्या हातीं दिला, आणि पुढें उभयपक्षीं तडजोड झाली. जुन्या घराचें नांव व किल्ल्या अशा रीतीनें धाकट्यांच्या पदरांत पडल्या. २०२४ सालीं त्यांनीं नव्या सोबत्यांना बोलावणीं धाडलीं आणि २०२६ पासून मंडळाची घडी पुन्हां बसविण्याचें योजिलें.

आतां या वांटणीचा भार कोणावर पडला तें पाहूं. फुटबॉलचा संघ आठवड्यास बहुधा एकच सामना खेळतो. परंतु एकदां मंडळ बदललें, कीं व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनाही त्याच मंडळांत खेळणें बहुतेक प्राप्त होतें, आणि त्यांचे सामने अधिक. लॉस एंजेलिसपासून रटगर्स सुमारें चार हजार किलोमीटर दूर आहे आणि दोन्हीकडील घड्याळांत तीन तासांचें अंतर आहे. मध्यरात्रीं विमानानें परतून सकाळीं वर्गांत बसणाऱ्या मुलीच्या खेळासाठीं हे करार झालेले नव्हते. कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंही याच विद्यापीठांत शिकतात. तेव्हां हा प्रश्न अगदींच सातासमुद्रांपलीकडचा आहे असें नाहीं.

एक गोष्ट मात्र नमूद करण्याजोगी आहे. यू.सी.एल.ए. आणि बर्कले हीं एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाचीं अंगें, म्हणजे सख्खीं भावंडेंच. एकाच्या जाण्यानें दुसऱ्याचें नुकसान होणार हें पाहून विद्यापीठाच्या नियामक मंडळानें डिसेंबर २०२२ मध्यें जाण्यास परवानगी दिली, पण यू.सी.एल.ए.नें बर्कलेस दरसाल २० लाख ते १ कोटि डॉलर द्यावेत अशी अट घातली. कमावत्या मुलास वेगळें बिऱ्हाड करूं देतांना आईनें धाकट्याची तजवीज करून घ्यावी, तसेंच हें झालें. साऱ्या प्रकरणांत नात्याची आठवण ठेवून केलेला व्यवहार आम्हांस हा एवढाच आढळला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फुटबॉलच्या उत्पन्नावर बाकीचे अनेक खेळ जगतात. पैसा आटला कीं पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते: २०२० सालीं स्टॅनफर्डसारख्या संपन्न विद्यापीठानेंही आपल्या ३६ खेळांपैकीं ११ बंद करण्याचें जाहीर केलें होतें, मोठी ओरड झाल्यावर २०२१ मध्यें तो निर्णय फिरविला. शिवाय ज्यांच्या घामावर हें उत्पन्न उभें होतें, त्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे फारसें कांहीं मिळत नसे. जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें पहिल्या वर्षीं प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटि ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना उघडपणें देण्याची मुभा मिळाली. जें चोरून दिल्यामुळें १९५९ सालीं घर फुटलें, तेंच आतां कायद्यानें शिरोधार्य झालें. ‘आयव्ही लीग’मधील जुन्या विद्यापीठांनीं मात्र या तडजोडींत सामील होण्याचें नाकारलें, खेळासाठीं शिष्यवृत्ति न देण्याची त्यांची रीत आजही कायम आहे.

शेजाऱ्यांमधील चुरस पैशानें निर्माण होत नाहीं, हें या व्यवहारी लोकांसही पुढें उमगलें. टेक्सास आणि टेक्सास ए. अँड एम. यांचा १८९४ सालापासूनचा सामना मंडळें वेगळीं झाल्यामुळें २०११ नंतर बंद पडला होता. २०२४ सालीं दोघेही पुन्हां एका मंडळांत आले आणि तेरा वर्षांनीं तो सामना झाला. उलट, १ जानेवारी २०२५ रोजीं ‘रोझ बाउल’चा सामना झाला, तो पूर्वीं मध्य-पश्चिम व पॅसिफिक यांमधील मानाचा सामना म्हणून गाजलेला, त्या दिवशीं मात्र ओहायो स्टेट व ऑरेगन हे दोन्ही संघ बिग टेनचेच होते. पाहुणा म्हणून यावा तो घरचाच निघाला.

ज्या घरांतून वांटणीचा विषय निघतो, तेथें वडील माणसें जमीन, दागिने, भांडीकुंडीं यांची यादी करतात. तीं करणें अवश्यच आहे. परंतु त्या यादींत न येणारी माणसें कोण, आणि त्यांचा दिवस उद्यांपासून कसा जाणार, हेंही त्याच बैठकींत कोणीतरी विचारावें. कॅलिफोर्नियांत हा प्रश्न एका नियामक मंडळानें विचारला, म्हणून निदान एका भावंडाची सोय झाली.