पॉलिसी गोडाउनची, सामान शेतात



मागच्या दोन लेखांत आपण घरच्या आरोग्य विम्याबद्दल बोललो. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र जरा वेगळं होतं. आपल्याच मंडळातल्या एका मुलीने नोकरी सोडून मैत्रिणीसोबत लग्नसमारंभांचं नियोजन सुरू केलं आहे. ती विचारते, "काका, हॉलवाले, डेकोरेशनवाले, केटरर सगळे आपापला धंदा करतात. मी फक्त जुळवाजुळव करते. मला विमा कशाला लागेल?"

तिला उत्तर लिहायला बसलो आणि आमचा मोहगावचा दादा आठवला.

मोहगाव म्हणजे मोहगाव हवेली, तालुका सौंसर. जिल्हा आधी छिंदवाडा होता, 2023 पासून पांढुर्णा. राज्य मध्य प्रदेश, बोली वऱ्हाडी आणि सोयरीक अर्धी नागपूरकडची. अर्धनारीश्वराच्या देवळामुळे महाशिवरात्रीला गाव फुलून जातं. दादा माझा मावसभाऊ, आणि त्याचं तिथे बिछायत केंद्र आहे. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलांसाठी सांगतो, मंडप, गाद्या, लोड, सतरंज्या, खुर्च्या, आचाऱ्याचे गंज आणि कढया, स्टेज, लायटिंग, जनरेटर हे सगळं भाड्याने देणारा तो बिछायतवाला. छिंदवाड्याकडे सरकलं की हाच टेंट हाउसवाला होतो.

काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या एका शेतात त्याचा मंडप उभा होता. सिलिंगचे पडदे लागले होते, स्टेज तयार होतं. चार वाजता आभाळ काळं झालं आणि अर्ध्या तासात अवकाळी वादळ सगळं घेऊन गेलं. पाइप वाकले, कापड फाटून बागेत अडकलं, लायटिंगचा बोर्ड पाण्यात गेला. त्या घाईत एक पोरगा पडदे सोडवायला वर चढला होता, तो पाइपासकट खाली आला. कमरेचं हाड मोडलं. त्याला रात्रीच नागपूरला हलवावं लागलं.

दादाकडे पॉलिसी होती. कर्ज घेताना बँकेने काढायला लावलेली, दर वर्षी खात्यातून हप्ता कापला जायचा. दादाने फोन केला, सर्वेअर येऊन गेला आणि दोन महिन्यांनी पत्र आलं की दावा बसत नाही. फोनवर दादा मला म्हणाला, "मले वाटलं, पालिशी सामानाची हाय. ते त निघाली गोडाउनची."

हे एक वाक्य समजलं की या विषयातलं निम्मं समजलं.

दुकानदाराचा किंवा छोट्या कारखानदाराचा विमा पत्त्याला बांधलेला असतो. पॉलिसीवर जागेचा पत्ता असतो आणि त्या जागेत आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांनी झालेलं नुकसान भरून मिळतं. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. एका जागेची एकूण मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर तिचं नाव भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे 50 कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. किराणा दुकानाला ती छान बसते, कारण किराणा दुकानाचं सामान दुकानातच असतं. बिछायतवाल्याचं सामान गोडाउनात असतं ते पावसाळ्यात, धंदा बंद असताना. कमाईच्या दिवसांत ते कुणाच्या शेतात, कुणाच्या अंगणात, शाळेच्या मैदानात किंवा रस्त्यावरच्या पिकअपमध्ये असतं. म्हणजे धोका जेव्हा सगळ्यात जास्त, तेव्हाच सामान पॉलिसीच्या बाहेर. हप्ता मात्र बाराही महिन्यांचा!

त्यामुळे एजंटला "सामानाचा विमा द्या" एवढंच सांगू नका. "माझं सामान दर आठवड्याला वेगळ्या गावी असतं, रस्त्यात असतं आणि रात्री उघड्यावर असतं" हे सांगा आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर तसंच लिहून घ्या. फिरत्या सामानासाठी ऑल रिस्क प्रकारची पॉलिसी असते, वाहतुकीतल्या मालासाठी वेगळी असते आणि एकेका कार्यक्रमापुरती इव्हेंट पॉलिसीही मिळते. कोणती परवडेल ते धंद्यावर अवलंबून आहे. महिन्याला चार लग्नं करणाऱ्याने वर्षाची घ्यावी. वर्षाला चार कार्यक्रम करणाऱ्याने कार्यक्रमापुरती घ्यावी, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट दादाच्या कागदांत सापडली. बँकेने विमा कर्जाच्या रकमेएवढा काढला होता आणि सामान त्याच्या जवळपास दुप्पट किमतीचं होतं. समजा 20 लाखांच्या सामानाचा विमा 10 लाखांचा काढला आणि 4 लाखांचं नुकसान झालं. तुम्ही म्हणाल, 4 लाख 10 लाखांच्या आतच आहेत, पूर्ण मिळतील. सर्वसाधारण नियमाने मिळतात 2 लाख, कारण तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढला होता. वर सांगितलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते, त्यापुढे नाही. म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाआधी, सामानाची यादी नव्याने करा. फोटो काढून ठेवा, बिलं जपा. लायटिंगवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा की शॉर्टसर्किटमुळे मंडप जळाला तर तो भरून मिळू शकतो, पण ज्या बोर्डात शॉर्टसर्किट झालं तो बोर्ड बहुतेक पॉलिसींतून वगळलेला असतो.

सामानाचं झालं. त्या पोराचं काय?

दादाचं खरं कंबरडं तिथे मोडलं. फाटलेलं कापड पुढच्या वर्षी घेता येतं. दवाखान्याचं बिल त्याच आठवड्यात भरावं लागतं, आणि पोराचा बाप दारात उभा असतो. दादाने पिकअप विकली. त्याने हे कुणावर उपकार म्हणून केलं नाही. कामावर असताना मजुराला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे आपल्याकडे 1923 च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. मजूर रोजंदारीचा होता, हजेरीवर नाव नव्हतं, या सबबी फारशा टिकत नाहीत. या जबाबदारीचाही विमा असतो. साहजिकच, किती माणसं, कोणतं काम आणि किती मजुरी हे खरं लिहावं लागतं. आणि गंमत अशी की लोक मंडपाच्या कापडाचा विमा विचारतात, त्यावर चढणाऱ्याचा विचारत नाहीत.

मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाची बातमी तुम्ही दर गणपतीला वाचता. 2022 साली त्यांनी 316.40 कोटींचा विमा काढला, 2024 मध्ये तो 400 कोटींवर गेला, 2025 मध्ये 474.46 कोटी झाला. ही विम्याची रक्कम, हप्ता नव्हे! मथळा नेहमी मूर्तीच्या सोन्या-चांदीचा असतो. पण 2022 चे आकडे उलगडून बघा. दागिन्यांसाठी 31.97 कोटी होते, तर माणसांच्या अपघात विम्यासाठी 263 कोटी. त्यात पुजारी, स्वयंसेवक, आचारी, चपलांच्या स्टॉलवरची माणसं, पार्किंगवाले, सुरक्षारक्षक असे सगळे होते. भाविकांना काही झालं तर त्यासाठीची पब्लिक लायबिलिटी वेगळी, 20 कोटींची. एवढ्या मोठ्या मंडळाने सगळ्यात मोठी रक्कम चपला सांभाळणाऱ्यापर्यंतच्या माणसांवर ठेवली, याची बातमी कुणी केली नाही.

ते श्रीमंत मंडळ आहे, मान्य. मग दहीहंडी बघा. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 50 हजार गोविंदांचा विमा काढला. माणशी हप्ता 75 रुपये, मृत्यू आला तर वारसांना 10 लाख. सौंसर-पांढुर्ण्याच्या मजुरासाठी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहेच. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर 1 लाख. तिचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. यातून दवाखान्याचं बिल मिळत नाही आणि मालकाची जबाबदारीही संपत नाही. पण 20 रुपये स्वतःच्या खिशातून भरून मजुरांची नोंदणी करायला कुणाची हरकत आहे? (पांढुर्ण्याच्या गोटमारीचा विमा निघतो का, असं एका भाच्याने मला विचारलं होतं. जाणूनबुजून धोक्यात उडी घेणाऱ्याला अपघात विमा सहसा पैसे देत नाही, एवढंच त्याला सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो तिथेच असणार, हे मला माहीत आहे.)

आता पत्र लिहिणाऱ्या मुलीचा प्रश्न. "मी फक्त जुळवाजुळव करते."

10 एप्रिल 2006 रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये एका ग्राहक प्रदर्शनाच्या मंडपाला आग लागली आणि 65 माणसं गेली. आयोजकांचं म्हणणं होतं की मंडप आणि वीज यांचं काम ठेकेदाराला दिलं होतं, दोष त्याचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 12 एप्रिल 2022 च्या निकालात न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ठेकेदार आयोजकांसाठीच काम करत होता आणि येणाऱ्यांना बोलावलं होतं आयोजकांनी. भरपाईची जबाबदारी 60 टक्के आयोजकांवर आणि 40 टक्के राज्य सरकारवर टाकली गेली. आग ते निकाल, 16 वर्षं गेली.

तेव्हा बाई, डेकोरेशनवाला तुझा, केटरर तुझा, जनरेटरवाला तुझा. लग्नघरचे लोक पैसे तुझ्या हातात देतात, तर बोट आधी तुझ्याकडेच दाखवणार. तुझ्याकडे गादी नाही की गंज नाही, म्हणून सामानाचा विमा तुला नको. तुला हवी पब्लिक लायबिलिटी, म्हणजे पाहुण्यांना इजा झाली किंवा हॉलचं नुकसान झालं तर त्याची भरपाई आणि वकिलाचा खर्च. त्यात अन्नातून विषबाधा झाल्याचं कलम आहे का ते मुद्दाम विचार, बऱ्याचदा ते वेगळं मागून घ्यावं लागतं. आणि ज्याला काम देशील त्याच्याकडून त्याच्या पॉलिसीची प्रत आणि केटररच्या अन्न परवान्याची प्रत आधी घे, आगाऊ रक्कम नंतर दे. तो हसेल. हसू दे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना गणपतीसाठी शाळेचा हॉल हवा असेल तर विम्याचं प्रमाणपत्र, बहुधा 10 लाख डॉलरचं, आधी द्यावं लागतं. तिथे कुणी हसत नाही. आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाचेही आयोजक आपणच असतो, हे जाता जाता कार्यकारिणीच्या कानावर घालतो.

कार्यक्रम रद्द झाल्याचा विमा हा प्रकारही आहे. छोट्या नियोजकाने त्याच्या फार मागे लागू नये, असं माझं मत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अक्षय्य तृतीयेची सगळी लग्नं गेली, आणि ज्यांच्याकडे अशी पॉलिसी होती त्यांतल्या अनेकांना साथीचा रोग वगळलेला असल्याचं तेव्हा कळलं. विम्बल्डनवाल्यांच्या पॉलिसीत साथीचं कलम होतं, त्यांना पैसे मिळाले. पण त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोठा हप्ता भरला होता. आपल्यासारख्यांनी ग्राहकाशी करायच्या करारातच लिहावं की तारीख बदलली तर काय, रद्द झालं तर आगाऊ रकमेतलं किती परत.

दावा नाकारला तर? दादा गप्प बसला. बसायला नको होतं. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी कळवायचं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्या मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही ती दारं उघडी आहेत, 50 लाखांपर्यंतच्या मागणीसाठी, फी न भरता. मध्य प्रदेशासाठीचं कार्यालय भोपाळला आहे. सौंसरच्या माणसाचं सगळं काम नागपूरला असतं आणि तक्रार मात्र भोपाळला, पण ती घरून ऑनलाइनही करता येते. दादाची पॉलिसीच गोडाउनची होती, त्यामुळे त्याला तिथेही काही मिळालं असतं असं मी म्हणणार नाही. मात्र कर्ज देताना त्याला काय समजावून सांगितलं होतं, हा प्रश्न तरी कुणीतरी विचारला असता.

मागच्या महाशिवरात्रीला मोहगावला गेलो होतो. दादाने नवी पॉलिसी घेतली आहे, फिरत्या सामानाची, आणि मजुरांची वेगळी. वारा सुटला की वर कुणी चढायचं नाही, कापड गेलं तर गेलं, असा नियम केला आहे. तो पडलेला पोरगा आता चढायच्या कामाचा राहिला नाही. गोडाउनात बसून कोणतं सामान कोणत्या गावी गेलं त्याची वही तोच लिहितो. पॉलिसीची झेरॉक्स त्याने वहीच्या पहिल्या पानाला चिकटवली आहे. मी वाचायला मागितली तर म्हणाला, "काका, पत्ता पाहा आधी."