चौथी केबल टाकण्याआधी

मेकॅनिकलवाला सुट्टीत घरी गेला की एक प्रश्न हमखास येतो, "इंजिनिअर होणार ना तू? मग सांग बरं, आपली गाडी का बंद पडते?" माझ्यावर ही वेळ २०२२ साली आली आणि मी सपशेल नापास झालो.

आमची गाडी म्हणजे १९९८ ची मारुती ८००. (ही गाडी बनायचीच २०१४ मध्ये बंद झाली, पण बाबांचा जीव अजून तिच्यातच!) त्या वर्षी आठ महिन्यांत तिची क्लच केबल तीनदा तुटली. तिसऱ्यांदा तुटली ती खंबाटकीच्या चढावर, बाबा मला हॉस्टेलला सोडायला येत होते तेव्हा. गिअर बदलताना पेडल फाटकन खाली गेलं ते वर आलंच नाही. मागे ट्रकची रांग, आई मागच्या सीटवर माझी ट्रंक धरून बसलेली. बाबांनी हँडब्रेक ओढला आणि मी चाकामागे दगड लावायला पळालो. मागचा ट्रक अजून जरा जवळ असता तर, हा विषय आमच्या घरी कोणी काढत नाही.

गॅरेजमध्ये तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "साहेब, हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही." मी त्या मिस्त्रीला दोष देत नाही. त्याला पैसे केबल बदलण्याचे मिळतात, विचार करण्याचे नाही. पण मी? मी तीनही वेळा शेजारी उभा राहून मान डोलावली. क्लचची आकृती जर्नलमध्ये काढून मी व्हायवाला पूर्ण मार्क घेतलेत, बरं का!

खरं तर केबल कुठे तुटली हे बघितलं तरी अर्धं काम होतं. पेडलच्या टोकाला तारा एकेक करून सुटल्या असतील, तर तिथे ती रोज वाकतेय, बुश झिजलाय. गिअरबॉक्सच्या टोकाला तुटली, तर फोर्कचा शाफ्ट गंजून जड झालाय का, केबल सरळ ओढली जातेय का ते बघायचं. पेडलच जड लागत असेल तर क्लच प्लेट झिजत आलेली असू शकते; तेव्हा नवी केबलसुद्धा जादा ताण सोसतच मरणार.

आमची केबल यातल्या कुठेच तुटली नव्हती. तुटलेली तिसरी केबल मी मागून घेतली आणि रूमवर पक्कडीने सोलली. तुटलेली जागा मधेच, आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. सायलेन्सर तर तिथून लांब. मग उष्णता आली कुठून?

तेव्हा आठवलं की सेल्फही जड फिरायचा आणि त्यापायी बाबांनी बॅटरीसुद्धा नवी टाकली होती. दिवाळीत घरी गेल्यावर मल्टिमीटर लावला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला. बाबांनी सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं, ते दीडच्या वर! बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची वायरच गायब होती. आधी कधीतरी गिअरबॉक्स उतरवला होता, तेव्हा कोणीतरी ती परत लावली नाही. इंजिन बसलंय रबरावर. सेल्फचा शंभरेक अँपिअर करंट परत जाणार कुठून? सापडेल त्या वाटेने, म्हणजे क्लच केबलमधून. केबल तापायची, अस्तर वितळायचं, तार घासून तुटायची. फर्स्ट इयरचं केसीएल हो, दुसरं काही नाही!

जाड वायर आणि दोन बोल्ट, एवढाच खर्च. त्यानंतर केबल तुटलेली नाही.

माझी तक्रार आपल्या वर्कशॉपबद्दल आहे. तिथे कापून रंगवलेली इंजिनं आहेत, चकचकीत गिअरबॉक्स आहेत, पण तुटलेला एक पार्ट नाही. तुटलं की भंगारात! सरांना विनंती आहे, एक कपाट फक्त तुटलेल्या पार्टसाठी ठेवा आणि व्हायवाला त्यातला एक हातात देऊन विचारा, "हा का तुटला?" पहिल्या वर्षी निम्मा वर्ग उडेल. उडू दे.

कपाटासाठी पहिली देणगी माझ्याकडे तयार आहे. फक्त माझ्या रूममेटने सध्या तिच्यावर टॉवेल वाळत घातलाय, तेवढा काढावा लागेल.