पाऊस यायच्या आत बोटीचं ऑईल बदला, तेही आपल्या हातानं

मी कार्ल्यात इंजिनं दुरुस्त करतो. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, जनरेटर, आणि आता पवना धरणाच्या बाजूनं येणारी बोटींची छोटी इंजिनंसुद्धा. मे सरत आला की बोटवाले एकच गोष्ट विचारतात, ऑईल आत्ता बदलायचं की दिवाळीत बोट परत पाण्यात सोडताना? मी सांगतो, आत्ताच बदला. आणि माझ्याकडे आणू नका, स्वतः बदला.

आत्ताच का, तर आउटबोर्ड इंजिन तलावाचं पाणी ओढून थंड राहतं. मोटारसायकलइतकं ते तापत नाही. त्यामुळे थोडं पेट्रोल आणि हवेतली ओल ऑईलमध्ये उतरते आणि उडून न जाता तिथंच राहते. जळणातून तयार होणारं आम्लही त्यात मिसळतं. असं काळं ऑईल पोटात घेऊन इंजिन मावळच्या पावसात चार महिने शेडमध्ये पडून राहिलं, तर आतल्या बेअरिंगा खराब व्हायला लागतात. बरेच जण दिवाळीत नवं ऑईल घालतात, पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

कंपन्या शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा ऑईल बदला म्हणतात. शंभर तास ऐकायला मोठे वाटतात, पण रोज चार तास बोट चालली तर पंचविसाव्या दिवशी ते भरतात. छोट्या इंजिनाला तास मोजणारं मीटर बहुधा नसतं, म्हणून वही ठेवा.

चैत्रात आमच्या कार्ल्याच्या एकवीरेला मुंबई-रायगडचे कोळी येतात. पालखी झाली की त्यांतले काही नाखवे दुकानापाशी चहाला टेकतात आणि बोलणं इंजिनावर येतंच. त्यांची यांत्रिक मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. बोट वर ओढली की इंजिनाची बरीच कामं ते घरच्या घरी उरकतात. एक म्हातारा नाखवा मला म्हणाला, “दर्यात मिस्त्री कुठून येणार, दादा?” पवना काही दर्या नाही, पण पाण्याच्या मधोमध इंजिन गप्प झालं आणि वारा सुटला, की तिथंही मिस्त्री येत नाही.

काम अवघड नाही. इंजिन बोटीवरून उतरवून लाकडी घोडीला नीट आवळा आणि खालचा भाग पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवा. कोरडं कधीही चालवू नका, पाणी ओढणारा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. मागून पाण्याची धार पडते आहे ना बघा आणि दहा मिनिटं चालू द्या. कोमट ऑईल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग इंजिन बंद करून प्लगची वायर काढा, उभं ठेवा, ड्रेनचा स्क्रू खोला आणि सगळं ऑईल पसरट भांड्यात घ्या. वॉशर नवा घाला. फिल्टर असेल तर तोही बदला. आठ-दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनात लिटरभराच्या आसपास ऑईल बसतं. एकदम ओतू नका, थोडं थोडं घालून कांडी बघत राहा, कारण जास्त झालेलं ऑईलही इंजिनाला चांगलं नाही. डब्यावर एफसी-डब्ल्यू असा शिक्का हवा, म्हणजे ते फोर-स्ट्रोक बोटीचं, गंज रोखणारं ऑईल. ग्रेड पुस्तकात लिहिलेली असते, बहुतेक वेळा १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०.

त्याच बैठकीत खालचं गिअर ऑईलही बदला. मोठा खर्च निघतो तो इथूनच. पंख्याच्या शाफ्टला मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळली जाते, ती सील कापते आणि पाणी आत शिरतं. ऑईल दुधाळ निघालं तर ते सील गेल्याचं लक्षण आहे, तेव्हा मात्र इंजिन मिस्त्रीकडे आणा. चांगलं निघालं तर नवं ऑईल खालच्या भोकातून वर चढवा. वरच्या भोकातून बाहेर येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

आता राहिलं ते भांड्यातलं काळं ऑईल. ते काठावर सांडलेलं मी पाहिलं आहे आणि मला त्याचा राग येतो. पवनेचं पाणी नदीनं रावेतपर्यंत जातं, तिथून उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत प्यायलं जातं. कार्ल्याजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला, आळंदीला जाते. आळंदीच्या फेसाबद्दल आपण कारखान्यांना बोलतो, ते बरोबरच आहे, पण नदी आपल्याही दारातून जाते. लिटरभर वापरलेलं ऑईल दहा लाख लिटर पाणी खराब करू शकतं. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत प्रक्रियेला नेण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तर बदलायला ऑईल नसतंच, ते पेट्रोलात मिसळलेलं असतं आणि त्यातलं बरंच धुरासोबत थेट पाण्यात जातं. पिण्याच्या पाण्यावर अशी इंजिनं चालू देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ऑईल काठापासून दूर, घरच्या अंगणात बदला आणि जुनं झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. ते सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा कुंपणाच्या खांबांना फासायची पद्धत आहे, पण पहिल्या पावसात तेच धुपून ओढ्याला लागतं. बोटवाला एकटा पुनर्वापर करणाऱ्याला कुठं शोधणार? बोटी लागतात त्या प्रत्येक ठिकाणी, जमिनीवर, छपराखाली, एक झाकणाचं पिंप ठेवायला हवं आणि ते भरलं की नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याला द्यायला हवं. पवनाकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि जलसंपदा विभागानं हे एकत्र बसून ठरवावं. दोन-चार पिंपांचं काम आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत होऊ शकतं. आणि ज्यांना पहिल्यांदा ऑईल बदलायची धास्ती वाटते त्यांनी इंजिन घेऊन कार्ल्याला यावं. मी शेजारी उभा राहून दाखवीन, पाना मात्र त्यांनीच फिरवायचा.